बोर्डावर कार्डं साठली, कामं तिथंच

या वेळची बरीचशी पत्रं बोर्डाबद्दलच आहेत, म्हणजे एकेका कामाचं एकेक कार्ड करून ते 'करायचं', 'चालू', 'झालं' अशा कॉलममधून सरकवत न्यायचं, तो बोर्ड. भिंतीवरचे, फोनमधले, एकाचा तर कपाटाच्या दारावर आहे. सगळी घेता येणार नाहीत, चार घेतलीत.

ताई, मी डिझाइनची कामं घरून करते, शिवाय एक कोर्स चालू आहे आणि घरचं सगळं आहेच. दोन महिन्यांपूर्वी मोठ्या हौसेनं एका अ‍ॅपवर बोर्ड केला, 7 कॉलम, प्रत्येक क्लायंटला वेगळा रंग, अर्जंटला लाल लेबल. आता त्यावर 64 कार्डं आहेत, त्यातली 12 'चालू'मध्ये, आणि खरं सांगू तर दहा दिवस झाले मी तो उघडलेलाच नाही. माझं चुकतंय कुठं?

64 ला घाबरू नका, माझ्याकडं त्याहून जास्त आहेत. दुखणं त्या 12 मध्ये आहे.

ही पद्धत मूळ जपानची, कानबान म्हणतात, म्हणजे साधी पाटी. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो नावाच्या इंजिनियरनं ती रुजवली, आणि त्यांच्या डोळ्यासमोर होतं सुपरमार्केट: गिऱ्हाइकानं फळीवरचा माल उचलला की जेवढा गेला तेवढाच मागून आणून ठेवायचा. तसंच पुढच्या माणसानं पार्ट वापरला की कार्ड मागं जाणार, आणि कार्ड आल्याशिवाय मागचा माणूस पार्ट बनवणारच नाही, हात रिकामे असले तरी. म्हणजे ते कार्ड काम सांगायला जितकं होतं तितकंच काम अडवायला होतं. आपण मात्र कार्डं आणली, रंग आणले, लेबलं आणली, आणि ते अडवणं तेवढं कारखान्यात विसरून आलो.

आता हिशोब बघा. 1961 मध्ये जॉन लिटल यांनी रांगांचा एक नियम गणितानं सिद्ध केला, तो घरगुती भाषेत असा की एक काम हातात घेतल्यापासून संपेपर्यंत सरासरी किती वेळ लागणार, तर हातात असलेली कामं भागिले आठवड्याला संपणारी कामं. तुमची आठवड्याला 3 संपतात असं धरू. 12 हातात असतील तर प्रत्येक काम सरासरी 4 आठवडे लोंबकळणार, 3 च असतील तर 1 आठवडा. तुमचा स्पीड तोच, तास तेवढेच.

तुम्ही म्हणाल, अहो पण बाकीची 9 मागं थांबलीच ना. थांबली, बरोबर आहे. पण न सुरू केलेल्या कामाचा नंबर पुढं-मागं करता येतो, क्लायंटला खरी तारीख सांगता येते, आणि त्यानं मधेच रद्द केलं तर तुमचा एक तासही वाया गेलेला नसतो. अर्धवट कामाचं तसं नाही, त्यात घातलेले तास अडकून पडतात आणि दर वेळी फाइल उघडली की आपण कुठं होतो हे आठवण्यातच पंधरा मिनिटं जातात.

तेव्हा आज एवढंच करा, 'चालू'च्या डोक्यावर 3 आकडा लिहा आणि 9 कार्डं सरळ मागं ढकला. लाज वाटेल, वाटू दे. चौथं कार्ड आत घ्यायचं असेल तर आधी एक संपवायचं, नाहीतर एक बाहेर काढायचं, आणि कुठलं काढणार हे ठरवताना तुम्हाला जो वैताग येईल ना, तोच बोर्डाचा खरा उपयोग आहे. 7 कॉलमचं म्हणाल तर कार्ड जिथं खरंच दोन-चार दिवस मुक्काम करतं तेवढेच कॉलम ठेवा. क्लायंटच्या अप्रूव्हलसाठी थांबणं हा खरा मुक्काम, 'रिव्ह्यू करायचा आहे' हा आपलाच आळस. (माझ्याकडंही होता तो कॉलम, वर्षभर.)

कागद बरा की अ‍ॅप?

पहिला महिना कागद. भिंतीवर जागा संपते, अ‍ॅपमध्ये ती कधीच संपत नाही, म्हणून. शिवाय भिंत येता-जाता दिसते, अ‍ॅप मुद्दाम उघडावं लागतं, आणि नको असलेलं काम आपण मुद्दाम कशाला उघडू. फिरतीचं काम असेल किंवा दोन घरांतून बोर्ड बघायचा असेल तर मात्र अ‍ॅपच, तिथं वाद नाही. आणि चिकट चिठ्ठ्या खालून वर ओढून काढू नका, त्या वळतात आणि दोन दिवसांत गळून पडतात, गठ्ठ्यावरून बाजूनं सोलायच्या. माझी एक अशीच टेबलामागं पडली होती, पाच महिन्यांनी सापडली. त्यावरचं काम कुणी केलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. तेव्हापासून मी महिन्यातून एकदा जुनी कार्डं हातानंच पाडते.

माझ्या बोर्डावर 'प्रबंध' असं एक कार्ड आहे, ते पाच महिने 'चालू'मध्येच बसलंय. बाकीची सरकतात, हे सरकत नाही, बघून बघून त्याचा तिटकारा आलाय.

कसं सरकेल, प्रबंध हे काम नाहीच, तो दीडशे कामांचा ढीग आहे. सकाळी उठून कुणी 'प्रबंध' करू शकतं का? ते कार्ड काढून बोर्डाच्या वरच्या कडेला चिकटवा, तिथं फक्त मोठ्या प्रोजेक्टची नावं, ती हलवायची नाहीत. खाली येईल त्याची फक्त पुढची पायरी, आणि ती लिहिताना शेवटी क्रियापद आलंच पाहिजे. 'प्रकरण 2' नाही, 'प्रकरण 2 मधल्या तक्त्याचे आकडे मूळ फाइलशी ताडून बघणं'. हे एका बैठकीत होतं आणि झालं की नाही यावर वाद होत नाही. ते संपलं की पुढचं लिहा, सगळी दीडशे आज लिहीत बसू नका, निम्मी बदलणार आहेत.

आणखी एक, कार्ड 'चालू'मध्ये असेल त्या प्रत्येक दिवसाला त्याच्या कोपऱ्यात पेनानं एक टिंब द्या. सहा-सात टिंबं झाली की समजायचं, एकतर काम मोठं आहे, नाहीतर कुणावर तरी अडलंय, नाहीतर ते तुम्हाला करायचंच नाही. गाइडच्या उत्तरावर अडलं असेल तर कार्डावर लिहा कुणाकडं, कधी विचारलं आणि पुन्हा कधी विचारणार. ती तारीख नसली की 'थांबलंय' हा कॉलम म्हणजे कामांचा माळा होतो.

आम्ही दोघांनी घरात एकच बोर्ड लावला. मी तिच्यासाठी कार्डं लिहून ठेवतो तर ती म्हणते हा बोर्ड नाही, पाळत आहे. सोय केली तर त्यात काय चुकलं?

दादा, तिचं बरोबर आहे. तुम्ही कार्ड लिहून थेट तिच्या नावावर लावता म्हणजे तुम्ही काम ढकलताय, आणि या पद्धतीत काम ज्यानं करायचं त्यानं स्वतः ओढून घ्यायचं असतं. कार्ड दोघांपैकी कुणीही लिहावं पण ते जाईल 'करायचं'मध्ये, बिननावाचं. ज्याचा हात मोकळा झाला त्यानं उचलायचं आणि उचलताना आपलं नाव टाकायचं, दोघांना 'चालू'मध्ये दोन-दोनच जागा. रोजची कामं, भांडी, कपडे, कचरा, बोर्डावर आणूच नका, ती कधी संपत नाहीत त्यामुळं 'झालं'ला काही अर्थ राहत नाही, त्यांच्या पाळ्या वेगळ्या ठरवा. आणि आठवडाभर एक करून बघा, बिननावाच्या कार्डांपैकी कुठली तशीच पडून राहतात ती मोजा, आणि त्यातली पहिली दोन तुम्ही उचला, तिला न सांगता.