मृगाआधी टेकू निघायला हवेत : काम वेळेत पुरं करण्याविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न (खानापूर तालुका) : गावात 20 बाय 30 फुटांचा समाजमंदिराचा हॉल बांधतोय. मृगाच्या आत स्लॅब होऊन आतली जागा मोकळी हवी. काम कधी काढावं?

उत्तर : मागून मोजत या. 31 मेला टेकू काढायचे असं धरू. 20 फुटांचा बीम 6 मीटरच्या किंचित वर जातो आणि आयएस 456 या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे एवढ्या बीमखालचे टेकू किमान 21 दिवस हलवायचे नसतात. (पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर किती दिवस वाढवायचे ते इंजिनिअरना आधीच विचारा.) म्हणजे स्लॅब 10 मेपर्यंत पडलाच पाहिजे. मेस्त्री सेंट्रिंग आणि लोखंडाला 15 दिवस म्हणाले तर 15च लिहा. लग्नसराई, आठवडी बाजार आणि वळिवापोटी 5 दिवस स्लॅबच्या आधी वेगळे राखा. ते प्रत्येक कामात थोडे थोडे मिसळले की कुणाला दिसत नाहीत आणि खपून जातात. हिशेब आला 20 एप्रिलवर. तोवर खांब उभे झालेले हवेत.

यात हमखास विसरलं जातं ते पाणी. पीपीसीच्या स्लॅबला किमान 10 दिवस पाणी लागतं. 600 चौरस फुटांवर आळी करून 2 इंच पाणी उभं करायचं तर एका भरणीलाच 100 घनफूट, म्हणजे सुमारे 2,800 लिटर. उन्हानं आटेल ते रोज वेगळं. मे महिन्यात विहिरीनं तळ गाठल्यावर टँकर शोधायला निघालात तर तोवर स्लॅब वाळून भेगा पडलेल्या असतात. म्हणून ‘पाण्याची सोय’ हे यादीत स्वतंत्र काम म्हणून लिहा आणि त्यापुढे एका माणसाचं नाव घाला.

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव) : वर्कशॉपमध्ये नवं सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन आणतोय. दहा कामं एकदम चालू आहेत. लक्ष कशावर ठेवू?

उत्तर : जे काम लांबलं की शेवटची तारीख लांबते, त्यावर. समजा मशीन यायला 12 आठवडे, वाढीव वीजभार मिळायला 10, आणि फाउंडेशनला खोदाईपासून काँक्रीट पूर्ण ताकदीला येईपर्यंत 5. तिन्ही कामं एकाच वेळी चालू शकतात. मग फाउंडेशनला 7 आठवड्यांची सवड आहे, विजेला फक्त 2, मशीनला शून्य. रोजचा फोन मशीनवाल्याला आणि दर आठवड्याची फेरी वीज कार्यालयात. सवड मोजायची ही रीत 1957च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या कारखान्यांसाठी बसवली गेली. कागद-पेन्सिलवरही ती चालते.

एक गाठ मात्र इथेच बसते. फाउंडेशनचं ड्रॉइंग मशीनवाल्याकडून येतं, आणि ते बऱ्याचदा अ‍ॅडव्हान्स भरल्यावरच मिळतं. ते हातात येण्याआधी अंदाजानं काँक्रीट ओतलं, तर बोल्टचे खड्डे जुळत नाहीत आणि फोडाफोडीत सगळी सवड जाते.

प्रश्न (निपाणी) : शाळेच्या शताब्दीची तयारी चालू आहे. प्रत्येक बैठकीत कुणीतरी नवं काम सुचवतं. नाही कसं म्हणायचं?

उत्तर : नाही म्हणू नका, किंमत विचारा. एक वही घाला : काय वाढवायचं, किती दिवस, किती रुपये, सही कुणाची. सही एकाच माणसाची. उदाहरणार्थ, मराठीत छापायला निघालेली निमंत्रणपत्रिका ‘कन्नडमध्येही हवी’ असं ठरलं. मागणी रास्तच आहे. पण भाषांतर, वेगळी जुळणी आणि कन्नड जाणणाऱ्याकडून प्रूफ तपासणं धरलं तर चार-पाच दिवस जातात. ते वहीत दिसले की समिती आपणच ठरवते : छपाई पुढे ढकलायची, की कन्नड पत्रिका नंतर वेगळी काढायची.

प्रश्न (चिकोडी) : विचारलं की सगळे ‘नव्वद टक्के झालं’ म्हणतात. खरं कसं कळावं?

उत्तर : टक्के विचारूच नका. आठवड्याहून मोठं एकही काम यादीत ठेवू नका, आणि पुढे दोनच उत्तरं : झालं, नाही झालं. ‘वायरिंग’ असं लिहू नका. ‘खालच्या मजल्यावर पाइप बसले’, ‘तारा ओढल्या’, ‘बोर्ड लावून दिवे पेटवून पाहिले’ असं लिहा. दिवा पेटला नसेल तर त्या ओळीसमोर ‘नाही झालं’.