एमजीबीचा एक्झॉस्ट: पाइप जोर लावून बसवू देऊ नका

तुमची अडचण वाचली आणि जुना राग पुन्हा वर आला. क्रोम बंपरवाली एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, नवा मागवलेला डाउनपाइप (इंजिनाकडून धूर खाली नेणारा पहिला पाइप) मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या ओतीव नळीच्या) तोंडापासून बोटभर बाजूला, आणि गॅरेजवाला म्हणतोय, "त्यात काय, जॅकने सरकवून घेतो आणि सगळं एकसंध वेल्ड करून टाकतो, परत बघायला नको." जवळपास याच शब्दांत हे मलाही ऐकवलं गेलं होतं. बाकीचं सावकाश वाचा, आधी त्याला थांबवा.

मी पेशाने मेकॅनिक नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या खाली पाठीवर पडून बरीच वर्षं काढली आहेत, इतकंच. तुमची गाडी मी पाहिलेली नाही, तेव्हा जे सांगतोय ते गाडीशी ताडून घ्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नये वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

माझा मागचा डबा, म्हणजे सायलेन्सर, कुजला होता, पुढचा पाइपही पातळ झाला होता. नवा संच आणून एका गॅरेजमध्ये दिला. नाव घेत नाही, पण जुन्या गाड्यांचे खास तज्ज्ञ म्हणून मिरवणारे होते. पाइप मागे हँगरशी, म्हणजे तो टांगायच्या आधाराशी, जुळेना. मग त्यांनी पुढची फ्लँज (नटांनी आवळायची चपटी कड) कचकचून आवळली, मागचं टोक जॅकने दाबून जागेवर आणलं आणि त्या ताणलेल्या अवस्थेतच सगळे सांधे वेल्ड केले. क्लॅम्प फेकून दिले. गाडी हातात आली तेव्हा काम दिसायला सुरेख होतं, वेल्डच्या ओळी अगदी सरळ.

थोड्याच दिवसांत गार इंजिनवर टिकटिक सुरू झाली. परत नेली तर म्हणाले टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) वाजतायत. टॅपेट सेट केले, त्याचं वेगळं बिल लावलं, टिकटिक तशीच. इंजिन गार असताना मोठी आणि तापल्यावर बारीक होणारी टिकटिक ऐकली की आधी एक्झॉस्टची गळती शोधायची. धातू तापून फुगतो, फट मिटते, आवाज दबतो. हे त्या 'तज्ज्ञांना' ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. शेवटी मॅनिफोल्डच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, फ्लँजचा एक कान तडकला आणि स्टडसकट (त्यात रोवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टसकट) खाली आला. त्यावर उत्तर काय? "बीड जुनं झालंय, आम्ही काय करणार." इतकी दशकं टिकलेलं बीड नेमकं यांच्या हाताखालून गेल्यावर म्हातारं झालं!

खरी गोष्ट मागचा हँगर सोडताना कळली. शेवटचा नट आट्यातून सुटला तसा अख्खा पाइप टणकन बाजूला उडाला आणि पाट्याच्या शॅकलवर आदळला. गाडी नुसती उभी असतानाही तो सगळा जोर पुढच्या त्या कानावर होता. फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. लेखी काहीच नव्हतं, त्यामुळे भांडायला जागाही नव्हती. तुम्ही काम बाहेर देणार असाल तर कामाच्या कागदावर एक ओळ लिहून घ्या: सांधे क्लॅम्पचेच राहतील, मालकाला विचारल्याशिवाय वेल्ड करायचं नाही. कुणाला राग आला तर येऊ द्या.

एवढा आग्रह का, तर इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटवर बसतात आणि एक्सिलरेटर दाबला की डुलतात. बॉडी डुलत नाही. एक्झॉस्टचं पुढचं टोक इंजिनला जखडलेलं आणि मागचं बॉडीला टांगलेलं, म्हणजे दोघांतली सगळी ओढाताण पाइपला सोसावी लागते. म्हणून डाउनपाइपला गिअरबॉक्सच्या मागच्या माउंटपाशी आधार असतो: तिथपर्यंतचा भाग इंजिनबरोबर हलतो आणि तिथून मागे रबर सांभाळून घेतं. तो ब्रॅकेट बऱ्याच गाड्यांवर गायब झालेला असतो. तुमच्या गाडीवर आहे का, आजच बघा. नसेल तर सगळं वजन त्या बिडाच्या कानांवर लोंबतं.

शिवाय पाइप तापतो तसा लांब होतो. मीटरभर साधा पोलादी पाइप ३०० अंशांनी तापला तर साधारण साडेतीन मिलिमीटर वाढतो, ३०४ दर्जाचा स्टेनलेस पाच. ती वाढ सांध्यांना आणि रबरांना पचवू द्यायची असते. सगळं एकसंध केलं तर ती सर्वांत कमजोर जागा शोधते.

आता तुमचा डाउनपाइप. विक्रेत्याच्या यादीत '१९६२ ते १९८०, सर्व मॉडेल' असं लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन शेवटपर्यंत तेच राहिलं हे खरं, पण भोवतालचं बरंच बदललं. १९६७ च्या अखेरीस मार्क टू आली ती चारही गिअरना सिंक्रोमेश (गिअर न खरखरता पडू देणारी रचना) असलेला नवा गिअरबॉक्स घेऊन. १९७४ च्या उत्तरार्धात रबर बंपर आले आणि गाडी सुमारे दीड इंच उंच झाली. अमेरिकेला जाणाऱ्या शेवटच्या वर्षांतल्या गाड्यांना दोन एसयू कार्बोरेटरांच्या जागी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर आणि इनटेक-एक्झॉस्ट मिळून एकाच ओतकामातलं मॅनिफोल्ड होतं. त्यात मधल्या मालकांनी काय काय अदलाबदल केली असेल ते देव जाणे. चासी नंबरवरून गाडी कुठल्या सालची ते कळेल, तिच्यावर आज कुठलं मॅनिफोल्ड आहे ते कळणार नाही.

म्हणून मॅनिफोल्ड डोळ्यांनी ओळखा. जुन्या बिडाच्या मॅनिफोल्डला खाली दोन तोंडं असतात, प्रत्येकाला तीन स्टड. एका तोंडातून पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचा धूर येतो, दुसऱ्यातून मधल्या दोघांचा, कारण सिलिंडर हेडमध्येच दोन आणि तीन नंबरचं एक्झॉस्ट पोर्ट सामाईक आहे. दोन्ही तोंडांवर पातळ पुठ्ठा दाबून धरा आणि काजळी लागलेलं बोट कडेकडेने फिरवा, स्टडच्या भोकांसकट छाप उमटतो. तो कापून नव्या पाइपच्या फ्लँजवर ठेवा. नव्या नकली पाइपांत नेहमी सापडणारा दोष म्हणजे दोन पायांमधलं अंतर चुकलेलं असतं: एक फ्लँज सपाट बसली की दुसरी एका कडेने उघडी राहते. अंतर एक सूतभर चुकलं तरी पॅकिंग टिकत नाही. असा पाइप परत करायचा, वाकवत बसायचं नाही. परत करायचा म्हणूनच पहिल्यांदा तो कोरडा लावून बघा. एकदा पेस्ट फासली किंवा पान्याचे ओरखडे उठले की विक्रेता 'वापरलेला माल' म्हणून हात वर करतो, आणि या बाबतीत त्याची बाजू मला पटते.

पुठ्ठ्याचा छाप जुळला आणि तरी पाइप बोटभर बाजूलाच राहिला, तर पाइपला दोष देण्याआधी इंजिनचे माउंट तपासा. तेलाने मऊ होऊन एका बाजूचं रबर बसलं की सगळं इंजिन कलतं आणि मॅनिफोल्डचं तोंड त्याच्याबरोबर जातं. माझा अंदाज तुमच्या बाबतीत हाच आहे, कारण तुम्ही लिहिलंय की गिअरचा दांडाही हल्ली बोगद्याला (गिअरबॉक्सवरच्या मधल्या उंचवट्याला) घासतो. अंदाजच आहे, पण माउंट पाइपपेक्षा स्वस्त असतात.

जुने स्टड सोडवण्याबद्दल विचारलंत. गरम-गार करा, गंजात मुरणारं भेदक तेल टाकून रात्रभर सोडा, घाई करू नका. नट गोल झाला तर स्टड मोडण्याच्या आधी नटच फोडा. नवे नट पितळी लावा, पितळ पोलादाला गंजून चिकटत नाही आणि पुढच्या वेळी पाना लावताच सुटतं. आट्यांकडे लक्ष असू द्या, या गाडीवर यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक, आटे आहेत. ५/१६ इंचाचा स्टड ७.९४ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे आठ मिलिमीटरचा मेट्रिक नट 'बसतोय की' असं वाटून एक-दोन फेरे फिरतो आणि मग आटे खातो. त्या गॅरेजने माझ्या गाडीवर हेही करून ठेवलं होतं.

मॅनिफोल्ड हेडवरून उतरवणार असाल तर परत लावताना जाड वायसरकडे बघा. इनटेक आणि एक्झॉस्ट शेजारी शेजारी बसतात आणि काही स्टडवर एकच वायसर दोघांच्या कडा धरून ठेवतो, अर्धा इकडे अर्धा तिकडे. दोन्ही कडांची जाडी सारखी नसेल तर वायसर तिरका बसतो, जाड बाजू आवळली जाते, पातळ बाजू सैल राहते. बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी ट्यूबचे हेडर (नळ्या वाकवून केलेलं मॅनिफोल्ड) लावले की हा घोळ हमखास होतो, कारण त्यांची फ्लँज बिडापेक्षा वेगळ्या जाडीची असते. वायसरला एका बाजूने पायरी करून घ्या किंवा पातळ कडेला भर द्या. साधे पातळ वायसर लावले तर ते बशीसारखे वाकतात. पोर्टांच्या सगळ्या फ्लँज एका पातळीत आहेत का ते पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायची पाती) लावून बघायचं, हे वेगळं सांगत नाही.

हेडरचा विषय निघालाच आहे तर माझं मत: रस्त्यावरच्या साध्या इंजिनाला बिडाचं मूळ मॅनिफोल्डच बरं. ते आवाज दाबतं, वाकत नाही आणि त्याने ताकद जाते म्हणावं तर साध्या इंजिनात फरक जाणवणार नाही. शर्यतीचं इंजिन असेल तर गोष्ट वेगळी. डाव्या स्टिअरिंगची गाडी असेल तर आणखी सांभाळा. एक्झॉस्ट इंजिनच्या डाव्याच बाजूला आहे, स्टिअरिंगचा दांडा तिथूनच खाली उतरतो आणि काही हेडर त्याला घासतात.

बसवायचा क्रम: पुढून मागे सगळं सैल. फ्लँजचे नट बोटाने, ब्रॅकेट सैल, क्लॅम्प सैल, रबरं टांगलेली. पाइप आपल्या वजनाने जिथे लोंबेल तिथे लोंबू द्या. मग गाडी चाकांवर घ्या, म्हणजे मागचा ॲक्सल खऱ्या उंचीला येतो, आणि ॲक्सल, पाटे, पेट्रोलची नळी, बोगद्याची कड यांच्यापासून किती जागा उरते ते बघा. लोंबता ॲक्सल ठेवून अंतर घेतलं तर पहिल्याच खड्ड्यात ठोका ऐकू येईल. फ्लँज आवळा, दोन्ही पाय आळीपाळीने, थोडं थोडं. नंतर गिअरबॉक्सचा ब्रॅकेट, मग सांधे मागे मागे. शेवटी परीक्षा: मागचा हँगर सोडा. पाइप जागचा हलला नाही तर काम झालं. उडाला किंवा सरकला तर सगळे सांधे पुन्हा सैल करून पहिल्यापासून. ही परीक्षा गॅरेजवाल्याला तुमच्यासमोर करायला लावा.

क्लॅम्प शक्यतो पट्टीचे घ्या. यू-बोल्टवाले पाइपला खोलगट दाबून टाकतात, मग सांधा आयुष्यात सुटत नाही.

स्टेनलेस घ्यायचं का? गाडी कमी चालत असेल तर हो. पेट्रोल जळताना जवळपास आपल्याइतकंच पाणी तयार करतं, लिटरला लिटर म्हणा. छोट्या फेऱ्यांत डबा पुरेसा तापत नाही, ते पाणी आतच बसतं आणि साधा डबा आतून कुजतो. पण विकत घेताना चुंबक लावून बघा. ३०४ ला चुंबक जवळपास चिकटत नाही, ४०९ ला चांगलाच चिकटतो. ४०९ वाईट नाही, मात्र त्यावर वरून गंजाचा थर येतो आणि किंमत ३०४ ची लावली असेल तर ती फसवणूक आहे.

सुरू केल्यावर गळती शोधायला इंजिन गार असतानाच कुणाला तरी टेलपाइपवर जाड फडकं क्षणभर धरायला सांगा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. फसफसलं की जागा सापडली. हे उघड्यावरच करा. उघड्या टपाची गाडी आहे म्हणून धुराची भीती नाही असं समजू नका. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर उलटा आत खेचला जातो, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. टेलपाइपचं टोक बंपरच्या बाहेर असलंच पाहिजे, दिसायला कसंही दिसो. पहिल्या दोन-तीन गरम-गार फेऱ्यांनंतर फ्लँजचे नट पुन्हा आवळा, पॅकिंग बसतं.

कुठे वेल्डिंग करावंच लागलं, समजा हँगरचा ब्रॅकेट, तर बॅटरी सोडवून ठेवा. तुमच्या गाडीत सीटमागे खाली सहा व्होल्टच्या दोन असतील, म्हणजे त्या वेल्डिंगच्या जागेपासून फार लांब नाहीत. मूळ वायरिंग असेल आणि गाडी १९६७ च्या अखेरच्या मार्क टूच्या आधीची असेल तर बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक (अर्थ) पॉझिटिव्ह आहे, परत जोडताना सवयीने उलट जोडू नका.

डाउनपाइपवर उष्णतेची पट्टी गुंडाळण्याबद्दल विचारलंत: साध्या पोलादी पाइपवर नको. ती ओल धरून ठेवते आणि खाली पाइप कुजत असलेला दिसतही नाही. कार्बोरेटर तापत असतील तर मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटरच्या मध्ये मूळचा उष्णतारोधक पत्रा आहे का ते बघा. बऱ्याच गाड्यांवरून तो कधीतरी काढलेला असतो आणि परत लावलेला नसतो.