शेवट आधी वाच, खुशाल

खानापूर तालुक्यातून एका वाचक मुलीचं पत्र आलंय. नवरा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला, येताना तिथल्या सार्वजनिक वाचनालयातून तिला पुस्तकं आणून देतो. यावेळी आणलेल्या रहस्यकादंबरीची नायिका लहानपणी कोंडून घातलेली. निम्म्याहून जास्त पुस्तक हिनं एका रात्रीत संपवलं. हिलाही काका शिक्षा म्हणून भाताच्या कोठीत घालून बाहेरून कडी लावायचे. आता झोप उडालीय, कडी वाजली की छातीत धडधडतं. परवा सहा वर्षांच्या लेकीनं मोरीचं दार लावून घेतलं, तर तिच्यावर ओरडली. विचारते, "मावशी, मला वेड लागतंय काय? पुस्तक पुरं करू की परत पाठवू? आणि नायिकेसारखा काकांना जाब विचारू काय?"

अगं, वेड कसलं! भीतीची आठवण बऱ्याचदा गोष्टीसारखी सलग राहत नाही. भाताचा कोंदट वास, कडीचा खटका, असे तुकडे राहतात. त्यातला एखादा पुढ्यात आला की अंग आधी घाबरतं. हे नुसतं पुस्तक आहे हे डोक्यात मागाहून येतं.

त्यात ही कादंबरी धावती. तीन-चार पानांची प्रकरणं, प्रत्येक नेमकं धक्क्यावर तोडलेलं. लेखक दडवतो आणि आपण रात्रभर पानं उलटतो. मलाही आवडतात असली पुस्तकं, भांडी तशीच पडतात. पण दार कधी उघडेल ते माहीत नसणं, हेच तर तू कोठीत भोगलंस. म्हणून सरळ शेवटचं प्रकरण आधी वाच. रहस्यकथांचे भक्त मला शिव्या घालतील, घालू देत. मग उरलेलं वाचावंसं वाटलंच तर लेक शाळेत गेल्यावर, उजेडात, थोडं थोडं वाच. नाही वाटलं तर दे परत. ते वाचनालय १८४८ पासून चाललंय, एक पुस्तक अर्धवट परत आल्यानं त्याचं काही अडत नाही.

जाबाचं मात्र सावकाश घे. कादंबरीत नायिकेला सगळं एका क्षणात लख्ख आठवतं, ती त्या माणसासमोर उभी राहते आणि बरी होते. पानं संपत आलेली असतात, लेखक तरी काय करणार? तू तर काही विसरलीच नव्हतीस, फक्त कुणाला सांगितलं नव्हतंस. काका म्हणाले, "शिस्त लावत होतो," आणि घरच्यांनी मान डोलावली, तर ते सोसेल का तुला? विचारायचा हक्क तुझाच, वेळही तूच ठरव. त्याआधी नवऱ्याला सांग. "टाकून दे ते पुस्तक" म्हणाला म्हणून रागावलीस, पण बिचाऱ्याला कोठीचं ठाऊकच नाही.

लेकीला जवळ घेऊन सांग, "मी दाराला घाबरले, तुझं काही चुकलं नाही." तिला एवढं पुरेल.

झोपेचं महिनाभर असंच राहिलं तर डॉक्टरांकडे जायचंच, आणि फार असह्य झालं तर महिनाही थांबू नकोस. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठी फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा, सरकारी नंबर २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, भाषाही निवडता येते. बँकेत, बाजारात तू कन्नड निभावून नेत असशील, पण हे दुखणं मराठीतच बाहेर पडेल. समोर बसून बोलायचं तर बेळगावात मानसोपचारतज्ज्ञ आहेत, धारवाडला सरकारी संस्था आहे.

गणपतीला काका येणार म्हणतेस. पाया पडावंसं वाटलं नाही तर मोदक तळायला बस. तळणीपुढून बाईला कुणी उठवत नाही.