लोक-१ गव्हाच्या वावरात वेगळी ओंबी दिसली, तिचं वाण होईल का?

प्रश्न (बुलडाणा जिल्हा): कपाशी उपटून डिसेंबरात लोक-१ पेरला. त्यात आठ-दहा ओंब्या बुटक्या, दाण्यानं भरलेल्या आणि आठवडाभर आधी पिकलेल्या निघाल्या. याचं बी वाढवून आमचं वाण करता येईल का?

उत्तर: करता येईल, पण सगळ्या ओंब्या एकत्र मळू नका. काम बहुतेक वेळा तिथंच बिघडतं. प्रत्येक ओंबी वेगळ्या पाकिटात ठेवा, वर क्रमांक टाका आणि ती कुठं सापडली ते लिहा. धुऱ्याजवळच्या (बांधाजवळच्या) किंवा पाटाशेजारच्या ओंबीवर भरवसा कमी ठेवा. तिथं जागा, ऊन, पाणी जास्त मिळतं, म्हणून कोणताही गहू भरतो. तो गुण बियाण्यात उतरत नाही.

पुढच्या रब्बीत एका ओंबीचा एकच तास, म्हणजे एकच ओळ. ४०-५० दाणे ५ सेंटिमीटरवर हातानं टोबले की दोन ते अडीच मीटरचा तास होतो. दोन तासांत २२.५ सेंटिमीटर अंतर ठेवा. दर पाच तासांनंतर मूळ लोक-१ चा एक तास घ्या; खत-पाणी सगळ्यांना सारखंच. पहिलं पाणी १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटताना द्या. ते चुकलं तर फुटवे कमी येतात आणि तुलनाच फसते.

आता तास निरखा. तासातली सगळी झाडं एकसारखी आली, तर बहुधा मळणी यंत्रातून दुसऱ्या वाणाचं बी मिसळलं आहे. कुसळ, उंची, दाणा ओळखीच्या वाणांशी पडताळा. एकाच तासात उंच-बुटकी, लवकर-उशिरा अशी झाडं आली, तर तो नैसर्गिक संकर, म्हणजे दोन वाणांचं आपोआप झालेलं मीलन. गहू स्वपरागी, म्हणजे फुलात त्याच फुलाचे पराग पडतात, त्यामुळे असं क्वचितच घडतं. मग दरवर्षी निवडक झाडं वेगवेगळी मळून पाच-सहा पिढ्या निवड करावी लागते, तेव्हा कुठं वाण स्थिर होतं.

पैदासकार, म्हणजे नवी वाणं तयार करणारे शास्त्रज्ञ, हाच संकर मुद्दाम घडवतात. ओंबीच्या फुलांची टोकं कापून प्रत्येक फुलातले तिन्ही हिरवे परागकोश (परागाच्या पिशव्या) चिमट्यानं काढतात, पिशवी चढवतात आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पराग टाकतात. एखादा परागकोश पिवळा पडून आतच फुटला, की त्या फुलात संकर होत नाही, आईचंच बी भरतं.

आपल्याकडची खरी कसोटी उष्णता. उशिराच्या गव्हाचा दाणा फेब्रुवारी-मार्चच्या उष्णतेत चिमतो. म्हणून दुसऱ्या वर्षी बी वाढलं की १० नोव्हेंबर आणि १० डिसेंबर अशा दोन पेरण्या लोक-१ सोबत करा. दोन्हींचे हजार-हजार दाणे मोजून वजन करा. उशिराच्या पेरणीत लोक-१ पेक्षा वजन कमी घटलं, तरच पुढं जा. लवकर पिकला पण दाणा हलका, असं असेल तर त्या लवकरपणाचा उपयोग नाही. तांबेरा रोगाचे ठिपके लोक-१ पेक्षा जास्त दिसले, तर तो तास कितीही भरलेला असो, सोडून द्या.

तीन हंगाम टिकलं, तर नोंदी आणि बी घेऊन अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात दाखवा. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते.