तेरा वर्षांच्या मुलीला परीकथांवर बेतलेल्या इंग्रजी कादंबऱ्या द्यायच्या तर सुरुवात कुठून?

गेल कार्सन लेव्हिन यांच्या 'एला एन्चांटेड'पासून (१९९७). सिंड्रेला सावत्र आईचं सगळं मुकाट्याने का ऐकते, हा प्रश्न मला लहानपणी फार छळायचा. इथे त्याचं उत्तर आहे: जन्मताच एका परीने एलाला आज्ञाधारकपणाचं 'वरदान' दिलंय, त्यामुळे कुणीही हुकूम केला की तिला तो पाळावाच लागतो. सतत "शहाण्या मुलीसारखं वाग" ऐकणाऱ्या वयात ही गोष्ट थेट काळजाला भिडते.

ती आवडली तर मारिसा मेयर यांची 'सिंडर' (२०१२). यातली सिंड्रेला यंत्रं दुरुस्त करणारी सायबॉर्ग, म्हणजे अर्धी माणूस, अर्धी यंत्र आहे, आणि समारंभात तिचा बूट नाही, अख्खा यांत्रिक पायच निखळतो! शांत, संथ काही हवं असेल तर रॉबिन मॅकिन्ली यांची 'ब्यूटी' (१९७८).

सारा मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' मात्र आत्ता नको. मुखपृष्ठ पाहून फसायला होतं, पण आतले शृंगारिक प्रसंग मोठ्यांसाठीचे आहेत.

मूळ कथा आधी वाचायलाच हव्यात असं नाही. नंतर मात्र जरूर वाचा, दोघी मिळून. ग्रिम बंधूंच्या परीकथासंग्रहाच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. ती सावत्र झाली १८१९च्या आवृत्तीत. म्हणजे गोष्ट बदलून सांगणं खुद्द ग्रिम यांच्याच घरात सुरू होतं. हे कळल्यावर मुलीशी ज्या गप्पा होतील, त्या चुकवू नका.