रविवारची श्रद्धा आणि सोमवारचे काम

प्रिय,

ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

रविवारी उपासनेत मन भरून येते, पण सोमवारी हिंजवडीच्या बसमध्ये चढताच आपण कोण आणि कशासाठी जगतो हेच सुचेनासे होते, असे तू लिहिले आहेस. देवाची आपल्या आयुष्याविषयीची योजना एकदा स्पष्ट कळली की आत्मविश्वास आपोआप येईल, अशी तुझी समजूत दिसते. मला हा क्रम उलटा वाटतो. योजना कळण्याआधी योजना करणाऱ्याची ओळख व्हावी लागते, आणि ती रोजच्या साध्या दिवसांतच होते.

बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांचा चौथा अध्याय सावकाश वाच. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यरुशलेमेच्या वरिष्ठ सभेपुढे, म्हणजे यहुदी धर्मपुढाऱ्यांच्या न्यायसभेपुढे, उभे आहेत. ही शिकलेली माणसे नव्हेत हे सभेला दिसते आहे, तरी त्यांचे धैर्य पाहून ती थक्क होते आणि हे दोघे येशूच्या सहवासात होते, हे तिच्या ध्यानात येते. याच पेत्राने थोड्याच काळापूर्वी एका दासीच्या प्रश्नाला घाबरून आपल्या प्रभूला नाकारले होते. मधल्या काळात त्याला प्रभूकडून क्षमा मिळाली, काम सोपवले गेले आणि पवित्र आत्म्याचे सामर्थ्य मिळाले. ख्रिस्ती माणसाचा आत्मविश्वास अशा क्षमेवर उभा असतो. म्हणून वरिष्ठांनी चारचौघांत चूक दाखवली तरी तो ढासळण्याचे कारण नाही.

आता हेतूविषयी. जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, हे बायबलमधील कलस्सैकरांस पत्रातील वचन आपण नोकरदारांना सहज ऐकवतो. पण ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने ते त्या ठिकाणी दासांना उद्देशून लिहिले आहे, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. ज्यांना काम निवडण्याचा अधिकार नव्हता, ज्यांच्या श्रमाचे फळ दुसऱ्याच्या घरी जात होते, त्यांनाही तो सांगतो की तुमची सेवा खुद्द ख्रिस्ताकडे रुजू होते. मग मनासारखी नोकरी मिळेपर्यंत आयुष्याचा हेतू थांबून राहतो, असे आपण कसे म्हणावे? त्याच पत्रात पुढे धन्यांना न्यायाने वागण्याची आज्ञा आहे, तेव्हा या वचनाचा आधार घेऊन अन्याय मुकाट्याने सोसावा, असाही अर्थ काढू नकोस. बढतीलाच आशीर्वादाचा पुरावा मानण्याची सवय आपल्या मंडळ्यांत वाढते आहे, तिच्यापासूनही सावध राहा.

पंडिता रमाबाईंकडे पाहा. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन, ही विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा, पुढच्याच वर्षी पुण्यात आली. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वाद पेटला आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या. काम तिथेच संपले, असे कोणालाही वाटले असते. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या आणि केडगावचे मुक्ती सदन आकाराला आले. तिथे शेती, शाळा, छापखाना हे सारे चालवत असतानाच त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले आणि १९२२ मधील मृत्यूपूर्वी ते पूर्णत्वास नेले. त्यांच्या आयुष्याचा हेतू आपल्याला एकसंध दिसतो, कारण आपण तो शेवटाकडून पाहतो. त्यांच्यासमोर मात्र त्या दिवशी भुकेली असलेली मुलगी होती.

तू एवढेच कर. सकाळी फोन हातात घेण्याआधी मार्काच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय वाच. सोळाच अध्याय आहेत, संपले की पुन्हा आरंभ कर. घरातून निघताना त्या दिवशी भेटणाऱ्या एखाद्या माणसाचे नाव घेऊन प्रार्थना कर, मग तो तुझा वरिष्ठ असो की कार्यालयाच्या दारावरचा सुरक्षारक्षक. रात्री जे राहून गेले ते प्रभूला सांगून झोप. आणि तरुण संघाच्या बैठकीला जाणे सोडू नकोस, कारण एकट्याने टिकवलेली श्रद्धा थकव्याच्या आठवड्यात लवकर कोमेजते. महिनाभराने, कोणासाठी प्रार्थना करणे तुला सर्वांत जड गेले, ते मला लिही. पुढचे बोलणे तिथून सुरू करू.

ख्रिस्तामध्ये तुझा,
एक वडीलधारा स्नेही