सिंगापूर-युरोपशी करार करून आपली कोर्टं वेगवान होतील का?

प्रश्नकर्त्यानं सप्टेंबर २०२३ मध्ये भारत आणि सिंगापूरच्या सर्वोच्च न्यायालयांत झालेल्या सामंजस्य कराराचा दाखला देऊन विचारलंय, की असल्या सहकार्यानं तालुक्याच्या कोर्टातली तारीख लवकर लागेल का. नाही लागणार. पण १९६५ च्या एका करारामुळे माझा दावा पुढे सरकला, आणि तोच करार कुणी वेळेवर उघडून पाहिला नाही म्हणून त्याआधी काही वर्षं जागेवर बसून राहिला. म्हणून लिहिते.

आमचा वाटपाचा दावा २०१२ चा. वडिलांची सव्वाचार एकर जमीन, त्यात सामाईक विहीर. मी वादी, दोघे भाऊ प्रतिवादी. दादा गावातच असतो, धाकटा स्टुटगार्टला नोकरीला. धाकट्याला समन्स रजिस्टर पोस्टानं गेलं. पोचपावती आली, तिच्यावर त्याची सही. मी निर्धास्त झाले. तो काही हजर झाला नाही. त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, त्याच्याविरुद्ध एकतर्फा हुकूम व्हायची वेळ आली तेव्हा, दादाच्या वकिलांनी उठून हरकत घेतली: परदेशातल्या माणसाला समन्स कसं बजावायचं ते ठरवणाऱ्या १९६५ च्या हेग करारात जर्मनीनं टपालानं बजावायला हरकत नोंदवलेली आहे, सबब ही बजावणी ग्राह्य धरू नये.

हरकत खरी होती. घरी येऊन मी तो करार छापून काढला आणि शब्दकोश घेऊन वाचला. भारतात तो १ ऑगस्ट २००७ पासून लागू आहे. आपणसुद्धा टपालाला हरकत घेतलेली आहे. म्हणजे दावा दाखल झाला त्या दिवशी हे सगळं छापील स्वरूपात होतं. माझ्या वकिलांना माहीत नव्हतं, समन्स काढणाऱ्या कारकुनाला माहीत नव्हतं. दादाच्या वकिलांना माहीत होतं, पण ते पहिल्या तारखेला बोलले नाहीत.

मग रीतसर वाट. ठराविक नमुन्यातली विनंती, सगळे कागद दोन प्रतींत, सोबत जर्मन भाषांतर. पुण्यातल्या एक बाई भाषांतर करायच्या. त्यांचा रात्री नऊला फोन: "मॅडम, पोटखराबा म्हणजे नेमकं काय हो?" मी त्यांना सातबाऱ्यावरचा एकेक रकाना समजावून सांगितला. पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, मग जिरायत, सामाईक विहिरीतला चार आणे हिस्सा. बांध या एका शब्दावर आम्ही अर्धा तास घालवला असेल. ते सगळं दिल्लीला केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाकडे गेलं, तिथून, स्टुटगार्ट ज्या जर्मन राज्यात आहे त्याचं हे काम बघणाऱ्या फ्रायबुर्गच्या कोर्टाकडे. तालुक्यातून दिल्लीला पोचायला अकरा महिने लागले. जर्मनीत गेल्यावर दोन महिन्यांत बजावणी झाली.

कशी झाली ते धाकट्याच्या बायकोनं मला फोनवर सांगितलं. पोस्टमननं पिवळं पाकीट आणलं, घरात कुणी नव्हतं, तेव्हा पाकिटावर तारीख लिहून त्यानं ते पत्रपेटीत टाकलं. झाली बजावणी! 'घर बंद, समन्स परत' हा शेरा नाही. तसा आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही दारावर समन्स डकवायचा नियम आहेच, पण आमच्या गावातल्या एका नातेवाइकाच्या दाव्यात बेलिफ सहा वेळा रिकाम्या हातानं परत गेला होता.

म्हणून म्हणते, न्यायाधीशांचे दौरे, परिषदा, प्रशिक्षण यांनी माझ्यासारखीला काही मिळत नाही. एक ठरलेलं काम, त्याचा ठरलेला नमुना, तो कुणाकडे पाठवायचा त्याचा पत्ता, आणि तो नमुना ओळखणारा माणूस तालुक्याच्या कोर्टात हजर, एवढं असलं की सहकार्याचा उपयोग होतो. कोर्टांचं कामकाज संगणकावर आणायच्या ई-कोर्ट्स योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी मंजूर झाले. त्यातले थोडे या माणसावर खर्च करा.

तुमचा प्रतिवादी परदेशात असेल तर पहिल्याच तारखेच्या आधी त्या देशानं टपालाला हरकत घेतली आहे का, ते बघा. विनंती रीतसर जाऊन सहा महिने उलटले, पाठपुरावा करूनही बजावणीचं प्रमाणपत्र आलं नाही, तर न्यायाधीश त्याच्यावाचून निकाल देऊ शकतात, अशी तरतूद करारात आहे आणि भारतानं ती स्वीकारलेली आहे. वकिलांना कलम १५ दाखवा. आणि भावाला वाद घालायचाच नसेल तर त्यानं भारतीय वकिलातीत जाऊन कुलमुखत्यारपत्र करून पाठवावं, एका दिवसाचं काम आहे. ते इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक भरा.

मी वकील नाही, जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका आहे. अमेरिकेची टपालाला हरकत नाही, तेव्हा माझा अनुभव तिकडे जसाच्या तसा लावू नका. आणि सिंगापूरच्या कराराबद्दल मी वर जरा कडक बोलले. तिथून तंत्रज्ञान शिकून आपल्या न्यायाधीशांना मदत होत असेल तर ते हवंच आहे.

२०२१ ला प्राथमिक हुकूमनामा झाला, माझा हिस्सा मान्य झाला. शेतसारा लागणारी जमीन असल्यामुळे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, म्हणून आता मोजणीची वाट बघतेय. दादा मात्र अजून लग्नाकार्यात चारचौघांत सांगतो, "बहिणीनं कोर्टात ओढलं, म्हणून इतकी वर्षं गेली." दादा, हे तुझ्या मुलीनं तुला वाचून दाखवलं तर ऐक. समन्सवरची हरकत कुणी घेतली आणि किती उशिरा घेतली, ते कोर्टाच्या रोजनाम्यात लिहिलेलं आहे. त्याची नक्कल मी शिक्का मारून काढून ठेवली आहे. कधीही ये, दाखवते.